जुन्या सायकलीची रोजच्या वापरासाठी पुनर्बांधणी

रोजच्या प्रवासाची सायकल आणि शर्यतीची सायकल यांच्याकडून असणाऱ्या अपेक्षा मुळातच वेगळ्या असतात. रोजच्या सायकलीवर बसणारी व्यक्ती साध्या कपड्यांत असते, तिच्याजवळ डबा किंवा भाजीची पिशवी असते, वाटेत सिग्नल, खड्डे आणि पाऊस असतो, आणि पोहोचल्यावर तिला लगेच कामाला लागायचे असते. त्यामुळे अशा सायकलीत वेगापेक्षा सहज बैठक, खात्रीचे ब्रेक आणि बेताची देखभाल यांचे मोल अधिक ठरते. 1949 साली मद्रासमध्ये टीआय सायकल्स, 1951 साली सोनीपतला ॲटलस आणि 1956 साली लुधियानात हीरो हे कारखाने उभे राहिले, आणि त्यांनी पुढील काही दशकांत घडवलेल्या साध्या पोलादी सायकली याच गरजांसाठी होत्या. त्यांतील अनेक सायकली आज वाड्यांच्या बोळांत आणि सोसायट्यांच्या जिन्यांखाली गंजत पडल्या असल्या, तरी त्यांची चौकट बहुधा शाबूत असते. अशाच एका सायकलीची प्रस्तुत लेखकाने पुण्यात पुनर्बांधणी केली, आणि त्या कामातून निघालेले निष्कर्ष येथे मांडले आहेत.

ही सायकल हलक्या रोडस्टर प्रकारची होती. रोडस्टर म्हणजे सरळ पाठीने बसण्याची, लांब आणि मजबूत बांध्याची सायकल. तिच्या जड प्रकाराला 28 इंची चाके आणि लोखंडी सळयांनी ओढले जाणारे ब्रेक असतात, तर हलक्या प्रकाराला 26 × 1⅜ इंच मापाची चाके आणि तारेने ओढले जाणारे, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे कॅलिपर ब्रेक असतात. दुरुस्तीसाठी सायकल निवडताना हा भेद निर्णायक ठरतो, कारण सळयांचे ब्रेक रिमच्या आतल्या कडेवर दाबले जातात आणि त्यात फार सुधारणा करता येत नाही, तर कॅलिपर ब्रेकच्या सायकलीला पुढे चांगले रिम आणि चांगले रबर बसवण्यास वाव राहतो.

पहिले काम चौकटीच्या तपासणीचे. हँडलखालच्या नळीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत एक दोरा ताणून नेला, तसाच दुसऱ्या बाजूने आणला, आणि मधल्या सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजले, की चौकट वाकलेली आहे किंवा नाही हे कळते. नळ्यांच्या जोडांवर तडा नसावा आणि पुढचा फोर्क मागे दबलेला नसावा, एवढी खात्री झाल्यावर रंगावरच्या गंजाला फारसे महत्त्व देण्याचे कारण उरत नाही. या सायकलीचा मूळ काळा रंग कायम ठेवण्यात आला, कारण रंगकामावर जाणारा पैसा सायकलीच्या चालीत काहीही भर घालत नाही.

त्यानंतर दुकानांत ज्याला ओव्हरऑइलिंग म्हणतात, ते संपूर्ण काम हाती घ्यावे लागते: दोन्ही हब, हँडलचा सांधा आणि पायडलचा आस हे सगळे उघडून, रॉकेलने धुऊन, नवे छर्रे व नवे ग्रीस घालून पुन्हा बसवणे. पायडलच्या आसात दोन्ही बाजूंना पाव इंच व्यासाचे अकरा-अकरा छर्रे असतात आणि ते नेहमी एकदमच बदलावे लागतात, कारण झिजलेल्या छऱ्यांत दोन-चार नवे मिसळले तर सगळा भार त्या मोठ्या छऱ्यांवर येतो आणि वाटीला खड्डे पडू लागतात. कोन, म्हणजे छऱ्यांना आतून आवळणारा निमुळता नट, इतकाच आवळावा की चाक हाताने हलवल्यास खेळ जाणवू नये आणि फिरवल्यास ते अडखळू नये. क्रँक आसावर घट्ट ठेवणारी कॉटर पिन ढिली असेल, तर पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात पायाला एक बारीक ठोका जाणवतो. या सायकलीत तो जाणवत होता, आणि नवी पिन नीट घासून, ठोकून बसवल्यावर व थोड्या वापरानंतर तिचा नट पुन्हा आवळल्यावर तो थांबला. याच टप्प्यावर चाकांचा आउट काढला, म्हणजे स्पोकचा ताण कमीजास्त करून रिमचे डावे-उजवे डुलणे घालवले.

ब्रेकच्या बाबतीत मात्र दुरुस्तीपेक्षा बदल आवश्यक होता. क्रोमचा मुलामा दिलेले पोलादी रिम कोरडे असताना बरे थांबते, परंतु ओले झाल्यावर त्यावरून रबर घसरत राहते, आणि पुण्याच्या पावसाळ्यात, उतारावर, पुढे रिक्षा अचानक थांबली असताना हा दोष जिवावर बेतू शकतो. म्हणून त्याच मापाचे ॲल्युमिनियमचे रिम जुन्या हबवर नव्या स्पोकांनी विणून घेण्यात आले, ब्रेकचे रबर, तारा आणि त्यांची आवरणे बदलण्यात आली. संपूर्ण कामातील हा सर्वात मोठा खर्च होता, आणि तो सर्वात आधी करावा इतक्या योग्यतेचाही होता.

दुसरा महत्त्वाचा बदल चढाचा आहे. या सायकलीला पुढे 44 दातांचे चक्र आणि मागे 18 दातांचे फ्रीव्हील होते. अशा जोडणीत पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 5.1 मीटर पुढे जाते. डेक्कनकडून कोथरूडकडे जाताना कर्वे रस्ता हळूहळू चढत जातो, आणि दिवसभराच्या कामानंतर तो चढ या जोडणीने चढताना गुडघ्यांवर ताण येतो. गिअर बसवण्यासाठी हब, साखळी आणि बरेच काही बदलावे लागले असते. त्याऐवजी 22 दातांचे फ्रीव्हील लावून साखळी त्या मानाने लांब केली, की तेच अंतर सुमारे 4.2 मीटरवर येते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी 18 किलोमीटरवरून 15 किलोमीटरवर उतरतो, पण शहरात सिग्नलांमुळे एकूण वेळेत पडणारा फरक नगण्य असतो, आणि चढ मात्र न उतरता, न धापा टाकता पार होतो. साखळीही याच वेळी मोजून घेतली जाते: चांगल्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर 12 इंच भरतात, आणि हे माप इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले असेल, तर साखळी बदलणे योग्य, नाहीतर ती दातांनाही झिजवते.

शेवटी बैठकीचा विचार येतो, जो खर्चाने सर्वात लहान आणि परिणामाने सर्वात मोठा आहे. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय आहे. त्यामुळे गुडघे सतत दुमडलेले राहतात आणि थोड्याच अंतरात मांड्या भरून येतात. पायडल सर्वात खाली असताना त्यावर टाच ठेवल्यास पाय सरळ व्हावा, इतकी सीटची उंची असावी, म्हणजे चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात किंचित बाक राहतो. हँडल सीटच्या पातळीवर किंवा थोडे वर घ्यावे, परंतु त्याच्या दांड्यावरील खुणेच्या वर नेऊ नये. पूर्ण वजन पेलणाऱ्या सरळ बैठकीत रुंद, स्प्रिंगची सीटच योग्य असते, कारण बसण्याच्या हाडांना तिच्यावर आधार मिळतो. शर्यतीची अरुंद सीट येथे त्रासदायक ठरते. नव्या टायरांत मध्यम वजनाच्या चालकासाठी पुढे सुमारे 45 आणि मागे 55 पाउंड हवा ठेवल्यास खड्ड्यांचा धक्का बराच शोषला जातो.

या क्रमाने काम झाल्यावर सायकलीचे वजन फारसे घटले नाही आणि ती दिसायलाही नवी झाली नाही, तरी तिच्यावरून रोज कामाला जाणे शक्य, सुरक्षित आणि आनंदाचे झाले. जुन्या सायकलीला नव्या सायकलीची नक्कल बनवू नये; तिची चौकट, मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरिअर हे मूळचे गुण राखून, जेथे ती चालकाच्या शरीराशी, चढाशी किंवा ओल्या रस्त्याशी जुळत नाही तेवढेच बदलावे. हे काम स्वस्त राहते, कारण या सायकलींचे बहुतेक सुटे भाग ठरावीक मापांचे आहेत आणि ते बसवण्याचे कौशल्य पेठांतील छोट्या दुकानांत अजून जिवंत आहे. परंतु कॉटर ठोकणारे आणि रिम विणणारे हात काम मिळाले तरच टिकतात, आणि म्हणून जिन्याखालची एक सायकल दुरुस्तीला नेणे ही त्या कौशल्यालाही दिलेली सर्वात उपयुक्त मदत आहे.