दराऱ्याची मीमांसा

युद्धकथेत धाक हेच शस्त्र ठरले, की कथनकारापुढे एक पेच उभा राहतो. प्रतिस्पर्धी नुसत्या भीतीने कोसळणार असेल, तर युद्धच उरत नाही. तो कोसळणार नसेल, तर धाकाला अर्थ उरत नाही. शिवाय तलवारीची जखम दाखविता येते. एका निर्धाराने दुसऱ्या निर्धारावर केलेला आघात दाखवावयाचा कसा? एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही जपानी चित्रकथा १९९७ पासून ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत आहे. समुद्री चाच्यांच्या या अद्भुतकथेत ‘हाकी’ नावाच्या शक्तीच्या रूपाने या पेचाचे जे उत्तर शोधले गेले आहे, ते किशोरांचे रंजन म्हणून दृष्टीआड करण्याजोगे नाही. कारण कोणाचा निर्धार मोलाचा मानावयाचा, हा मूल्यात्मक प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

मराठीने या अनुभवाच्या छटा बारकाईने वेगळ्या केल्या आहेत. जरब नजरेत वा आवाजात असते. दरारा नावाचा असतो आणि माणसाच्या आधी पोहोचतो. वचक माणूस निघून गेल्यावरही मागे उरतो. ‘वन पीस’चे पहिले प्रकरण जरबेचे आहे. शँक्स हा चाच्यांचा म्होरक्या लहानग्या लुफीला, म्हणजे कथेच्या भावी नायकाला, एका प्रचंड सागरी श्वापदापासून वाचवितो. त्यात त्याचा डावा हात जातो. श्वापद मात्र परतते ते केवळ त्याच्या नजरेने. तेथे ‘हाकी’ ही संज्ञा नाही, नियम नाहीत; आहेत फक्त डोळे आणि भेदरलेला प्राणी. याच प्रकरणात त्याआधी एक डाकू शँक्सचा भर गुत्त्यात अपमान करतो, आणि शँक्स तो हसण्यावारी नेतो. जरब जवळ असूनही ती आवरून धरणे हा तिचा पहिला परिचय आहे.

पुढे या शक्तीचे रीतसर शास्त्र तयार होते. हाकीचा एक प्रकार इतरांचे अस्तित्व आणि हेतू जाणतो. दुसरा देहाला अदृश्य कवच देतो. तिसरी ‘हाओशोकु’ हाकी समोरच्याची शुद्धच हरपविते. पहिल्या दोन साधनेने जागविता येतात. तिसरी कित्येक दशलक्षांत एखाद्यालाच लाभते. तिच्यावर ताबा मिळविता येतो, पण सरावाने ती वाढत नाही. धारकाचे व्यक्तिमत्त्व वाढेल तशीच ती वाढते. ज्यांची मने दुबळी ते कोसळतात, खंबीर मनाचे उभे राहतात. आणि दोन तुल्यबळ धारक भिडले, तर आकाश दुभंगते. या नियमांनी कथनाचा पेच सुटतो. धाक युद्ध संपवीत नाही. गर्दी हटवून तो द्वंद्वासाठी रिंगण मोकळे करतो. मत्स्यमानवांच्या बेटावर लुफीसमोर एक लाखाची फौज उभी असते. त्यांतले पन्नास हजार एका क्षणात बेशुद्ध पडतात आणि मगच खरी लढाई सुरू होते.

हा आघात दिसतो तो करणाऱ्यावर नव्हे, सोसणाऱ्यावर. भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांतील शेवटचा भाव प्रलय, म्हणजे शुद्ध हरपणे. ओदांची सारी भिस्त या प्रलयावर आहे: पांढरे झालेले डोळे, तोंडाला आलेला फेस, ढासळलेले देह. नायक निश्चल असतो. त्याच्या सामर्थ्याची खूण दुसऱ्याच्या देहावर उमटते. नाट्यशास्त्रात वीरापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली आहे. येथे पात्रांच्या ठायी भय आणि वाचकाच्या ठायी विस्मय, अशी विभागणी होते. मात्र या विस्मयाला किंमत द्यावी लागते. वाचक नेहमी उभे राहिलेल्यांच्या बाजूने पाहतो. पडलेल्या पन्नास हजारांच्या मनात काय घडले, हे त्याला विचारावेसेही वाटत नाही.

जपानी परंपरेत धाकाचा विचार असाच झाला होता असे नाही. मियामोतो मुसाशी याने १६४५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘गोरिन नो शो’ या ग्रंथातील अग्निखंडात शत्रूला घाबरविण्याचा स्वतंत्र विचार आहे. देहाने, तलवारीने, आवाजाने शत्रूस दचकवावे. कारण भीती अनपेक्षितातून उपजते. मुसाशीच्या लेखी धाक हे कसब आहे, शिकता येणारे आणि प्रसंगावर अवलंबून असणारे. ओदांनी ते कसब निवडक व्यक्तींच्या स्वभावधर्मात रूपांतरित केले.

शब्दातच हा ताण दडलेला आहे. रोजच्या जपानीत ‘हाकी’ म्हणजे उमेद, ईर्षा. निरुत्साही माणसात ‘हाकी’ नाही असे सहज म्हटले जाते. पण ‘हाओ’ या जोडशब्दात ‘हा’ म्हणजे बळाने वर्चस्व गाजविणारा आणि ‘ओ’ म्हणजे राजा. मेन्सियस या चिनी तत्त्वज्ञाने या दोहोंत सक्त भेद केला होता: पहिला बळावर चालतो, दुसरा सद्गुणावर, आणि बळाने नमविलेले लोक मनाने नमत नाहीत, त्यांचे बळ फक्त अपुरे पडते. ओदांची संज्ञा या विरोधी पदांना एकत्र बांधते. लुफीची धारणा तर अशी, की चाच्यांचा राजा म्हणजे सत्ताधीश नव्हे, समुद्रावरचा सर्वांत स्वतंत्र माणूस. स्वातंत्र्याच्या या उपासकाच्या हाती इतरांची शुद्ध हरपविणारी शक्ती यावी, हा या संहितेतील मूलभूत अंतर्विरोध होय.

१०० व्या खंडात (२०२१) काइदोशी लढताना हा धाक प्रहारावर चढविता येतो असे उघड होते. मुष्टी शत्रूच्या देहाला न टेकताच आघात करते. चौकटींतून काळ्या विजा लवलवतात. चित्र भव्य होते, आशय मात्र आक्रसतो. धाक हा दोन मनांमधला व्यवहार होता; आता तो अस्त्राची धार बनला. भ्यालेला माणूस नसेल तर धाक आणि निव्वळ बळ यांत फरक कोणता?

या प्रश्नाचे उत्तर संहितेतच, पण भलत्याच ठिकाणी सापडते. मरीनफोर्डच्या महायुद्धात कोबी हा नौदलातील कनिष्ठ सैनिक आकाइनु या सेनानीला आडवा येतो आणि रडत ओरडतो की आता युद्ध थांबवा, माणसे वाया जात आहेत. त्याच्यापाशी हाओशोकु नाही. मरणाऱ्यांचे आवाज त्याला ऐकू येऊ लागले आहेत, एवढेच. त्याच्या ओरडण्याने कोणी बेशुद्ध पडत नाही. तो स्वतःच थरथर कापत असतो. त्याच्यावर उगारलेला प्रहार अडवितो तो शँक्स, आणि त्या काही क्षणांच्या धैर्याने जगाचे भवितव्य बदलले असे सांगतो. ज्याच्या नजरेपुढे जहाजभर माणसे कोसळतात, तोच भेदरलेल्या पोराच्या निर्धाराला मान देतो. येथे वेपथु आहे, अश्रू आहेत, स्वरभेद आहे, म्हणजे भयाचे सर्व सात्त्विक भाव आहेत. फक्त प्रलय नाही. भय सोसणाऱ्याचा चेहरा येथे प्रथमच चौकटीच्या मध्यभागी येतो, आणि निर्धाराची मोजणी पडलेल्यांच्या संख्येवरून होत नाही.