कूलरच्या वाऱ्यातली तुळस

नागपुरात पारा ४५ अंशांकडे झेपावू लागला आणि नवतपा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यानंतरचे पहिले नऊ दिवस, जवळ आला की गच्चीवरच्या आणि बाल्कनीतल्या नाजूक कुंड्या एकेक करून घरात येतात. तुळस, पुदिना, गोडलिंब म्हणजेच कढीपत्ता, आणि विदर्भात जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, या साऱ्या हिरव्या मंडळींचा मुक्काम मग कूलरच्या आसपास पडतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तो ओला, सुगंधी वारा माणसाला सुखावतो, पण कुंडीतल्या मातीचा वरचा थर मात्र तो कधी सुकू देत नाही. आणि पाने टवटवीत दिसत असतानाच एखाद्या सकाळी पाणी पडताक्षणी मातीतून दोन-तीन मिलिमीटर लांबीची काळसर चिलटे उठतात आणि पुन्हा तिथेच जाऊन बसतात.

पिकल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या फळमाश्यांहून ही चिलटे वेगळी असून शास्त्रज्ञ त्यांना स्किअरिडी या कुळात घालतात. ती चावत नाहीत, पानेही खात नाहीत. खाणारी असते ती त्यांची अळी, पारदर्शक अंगाची आणि चकचकीत काळ्या डोक्याची, जी मातीच्या वरच्या काही सेंटिमीटरांत राहून बुरशी आणि कुजके अवशेष यांवर जगते, आणि संख्या वाढली की कोवळ्या मुळांकडे वळते, त्यामुळे नुकतीच उगवलेली सांबाराची रोपे कारण न कळता माना टाकतात. उडणारे चिलट जेमतेम आठवडाभर जगते, पण तेवढ्यात मादी ओल्या मातीत शंभराच्या वर अंडी घालू शकते आणि तीन-चार आठवड्यांत नवी पिढी पंख फुटून वर येते; म्हणून हवेतली चिलटे टाळ्या वाजवून मारत बसल्याने मातीतला त्यांचा संसार तसाच चालू राहतो.

या संसाराचे मूळ बहुधा प्रेमाने घातलेल्या पाण्यात असते, आणि तुळशीच्या बाबतीत तर श्रद्धेने घातलेल्या. वाड्याच्या अंगणातल्या वृंदावनाला रोज तांब्याभर पाणी मिळत असे तेव्हा त्याच्यावर दिवसभर ऊन असे आणि खाली जमिनीत निचऱ्याला वाट असे. सदनिकेतल्या प्लास्टिकच्या कुंडीत, तीही काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीने भरलेल्या आणि खाली ताटली ठेवलेल्या, तोच तांब्या मुळांना गुदमरवतो. नेम मोडण्याची गरज नाही. पळीभर पाण्यानेही तो पाळता येतो, आणि तुळशीची खरी तहान बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसून पाहिल्यावर, माती कोरडी लागली तरच, भागवावी. वरचा थर असा सुकू दिला की अंडी आणि अळ्या टिकत नाहीत, आणि त्यावर कन्हान नदीच्या जाड रेतीचा बोटभर थर पसरला तर मादीला अंडी घालायला ओलसर जागा सापडणे अवघड होते.

पुदिन्याला मात्र कोरडेपणा सोसत नाही, त्यामुळे तिथे दुसरी वाट धरावी लागते. कुंडी पाण्याच्या ताटात ठेवून ओल खालून चढू द्यावी, पिवळ्या रंगाकडे चिलटे ओढली जातात म्हणून चिकट पिवळा कागद मातीलगत टोचावा आणि अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस या जिवाणूची पूड पाण्यातून द्यावी. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांवरही वापरला जातो. त्याचे प्रथिन अळीच्या आतड्यात विषारी ठरते, पण माणसाला अपाय करत नाही.

गोडलिंबाची गोष्ट निराळी, आणि नागपूरच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची, कारण हे झाड संत्र्याच्याच कुळातले आहे. त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर डोके खाली आणि शेपूट वर अशा तिरक्या बैठकीत बसणारा, रस शोषणारा सिट्रस सायला हा बारीक कीटक संत्र्याचाही शत्रू असून तो संत्र्यात ग्रीनिंग नावाचा जिवाणूजन्य रोग पसरवतो. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या बागायतदारांना त्याच्याइतकीच काळी माशी ठाऊक आहे: ती पानाच्या पाठीवर सर्पिलाकार रांगेत अंडी घालते, तिची पिल्ले चिकट गोड द्रव सोडतात, त्या द्रवावर काजळीसारखी बुरशी चढून पानाचा सूर्यप्रकाश अडतो आणि बागेत कोळशी आली असे म्हटले जाते. नागपुरात १९८५ साली स्थापन झालेल्या, आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या अभ्यासविषयांत या किडी आहेत, यात म्हणूनच नवल नाही.

या काळ्या माशीचे नैसर्गिक शत्रूही याच भूमीत आहेत. मेक्सिकोतल्या बागा तिने ग्रासल्या तेव्हा १९४०च्या दशकाच्या अखेरीस भारत आणि पाकिस्तानातून तिच्या पिल्लांत अंडी घालणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या तिकडे नेण्यात आल्या आणि त्यांनी तिला आटोक्यात आणले. या जिवांना जपायचे असेल, आणि जे पान फोडणीत पडणार आहे ते निर्मळ हवे असेल, तर घरच्या गोडलिंबावर रासायनिक विष मारणे दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरते. किडलेले शेंडे खुडावेत, पाने पाण्याच्या जोरदार धारेने धुवावीत आणि तरीही कीड उरलीच तर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल, किंचित साबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. खाण्यापूर्वी पाने पुन्हा धुवावीत, नाहीतर कडवटपणा राहतो. फवाऱ्याआधी पान उलटून पाहणे मात्र आवश्यक असते, कारण पांढऱ्या किंवा काळ्या माशीच्या कोषातून माशीच बाहेर पडली असेल तर कोषाला चीर पडते, आणि गांधीलमाशी बाहेर पडली असेल तर गोल छिद्र. अशी छिद्रे दिसणाऱ्या पानांवर औषध मारू नये.