घराण्याची खूण

आमच्या ह्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे, हे मी बघण्याच्या कार्यक्रमातच हेरलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. पुढे मुलगा झाला. त्याचेही डोळे तसेच निघाले, तेव्हा सासूबाईंनी ‘आमच्या घराण्याची खूण’ म्हणून गल्लीभर सांगितलं. ती खूण कशाची होती हे कळायला घरात नात यावी लागली आणि तिची मांडी मोडावी लागली. मोडली ती माझ्या हातून.

तेव्हा ती चार महिन्यांची होती. सूनबाई पुण्याची. तिथल्या डॉक्टरांनी हलक्या हातानं तेल लावा एवढंच सांगितलं होतं, त्यामुळे मालीश नको असं तिचं म्हणणं. पण इचलकरंजीत आमच्या गल्लीतली निम्मी बाळं माझ्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. मी कशाला ऐकते? पाय लांब करून बाळ त्यावर घ्यायचं, तेल जिरवायचं, उजवा हात डाव्या पायाला आणि डावा उजव्या पायाला भिडवायचा, शेवटी घोटे धरून क्षणभर उलटं धरायचं. त्या दिवशी उलटं धरताना ती किंचाळली. ते रडणं नेहमीचं नव्हतं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. तरी मी पोटाला हिंग लावला, गुटी चाटवली आणि गप्प बसले. संध्याकाळी मांडी सुजली, पाय हलेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हणाले, “रात्री आईच्या कुशीत असते. झोपेत दाबली गेली असेल.” सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. मी घाबरून तसं बोलले, असं बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होते. भीती होतीच, पण तिनं माझ्या मालीशला नावं ठेवली याचा रागही त्या वाक्यात होता.

एक्स-रेत मांडीचं हाड मोडलेलं दिसलं आणि एका बरगडीवर जुनं, भरत आलेलं फ्रॅक्चरही. डॉक्टरांनी बाळाच्या पापण्या वर करून पाहिल्या. मग माझ्या मुलाला खिडकीजवळ बोलावून त्याचे डोळे पाहिले. लहानपणी हाडं मोडली होती का? घरात कुणाला लवकर कमी ऐकू यायला लागलंय का?

ह्यांना पस्तिशीच्या आतच कमी ऐकू यायला लागलं होतं. पण यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाचे कान गेले, यात इचलकरंजीत कोण नवल करणार? मागाच्या खडखडाटानं कान जातातच. मी तेच उत्तर दिलं, आणि मुलाच्या हाडांबद्दल विचारलं तर ‘पोर द्वाड होतं’ म्हणून मोकळी झाले. मुलगा शेजारीच उभा होता. त्यानं मनगट, नडगी, पुन्हा मनगट असं सगळं सांगितलं. दर वेळी आई हाडवैदाकडे नेऊन बांबूच्या कांबी बांधून आणायची, हेही. शेवटचं मोडलं ते १९९८ साली. एक गोष्ट मात्र त्यानं सांगितली नाही. तेव्हा कांबी सुटल्यावर मी त्याला दोन धपाटे घातले होते, पुन्हा कुठे चढशील तर बघ म्हणून. घसरला होता तो अंगणातल्या ओल्या फरशीवर.

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार, साधारण १५ ते २० हजार बाळांमागे एकाला होणारा. आमच्याकडे आहे तो पहिला, त्यातल्या त्यात सौम्य प्रकार. आईकडून किंवा बापाकडून एकच बिघडलेलं जनुक आलं तरी तो होतो, म्हणजे दर मुलाला निम्मी शक्यता. त्यात एकाच घरात एकाची दोन-तीन हाडं मोडून भागतं आणि दुसऱ्याचं पाळण्यातच सुरू होतं. डोळे निळसर दिसतात ते वरचं पांढरं आवरण पातळ असल्यानं. आतला रंग त्यातून डोकावतो. कानातली इवलीशी हाडंही त्याच मालाची, म्हणून ऐकू कमी येतं.

सूनबाईला बाळंतपणाआधीपासून मी टोमणे मारत होते: दूध पीत नाही, नाचणीची आंबील नको म्हणते, डिंकाच्या लाडवाला नाक मुरडते, मग पोराची हाडं कशी व्हायची? पण उणीव कॅल्शियमची नव्हतीच. हाडात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात आणि कॅल्शियम त्यांच्यावर बसतं. या आजारात ते धागेच कमी किंवा सदोष असतात. सूतच कच्चं असलं तर सायझिंगला कितीही खळ चढवा, माग सुरू झाला की तुटायचंच. जन्म सगळा सुताच्या गावात गेला, पण हे मला डॉक्टरांनी चित्र काढून दाखवावं लागलं.

उपचार म्हणजे ठरावीक महिन्यांनी सलाईनमधून बिस्फॉस्फोनेट. हाड झिजवणाऱ्या पेशींना ते आवर घालतं. धागा मात्र सुधारत नाही. पहिल्या वेळी नातीला सणकून ताप आला. तो येतोच, असं आधी सांगितलं होतं, तरी मी रात्रभर ‘औषध बंद करा’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. अवघड दुखण्याच्या मुलांना हे औषध दिल्याचा मोठा अनुभव कॅनडातल्या माँट्रियलच्या डॉक्टर फ्रान्सिस ग्लोरियू यांनी प्रसिद्ध केला तो १९९८ मध्येच. मुलानं ते वाचून दाखवलं तेव्हा मला ते धपाटे आठवले.

त्यानंतर मी दुसरं टोक गाठलं. पोरीला जमिनीवर पाय टेकू द्यायची नाही. रांगायला लागली तर उचल, उभी राहिली तर उचल. उचलायचेही नेम शिकले होते: काखेत धरून नाही, एक हात ढुंगणाखाली पसरून आणि एक मानेमागे, लंगोट बदलताना घोटे धरून ओढायचं नाही. एवढं शिकले आणि त्याच जोरावर तिला कडेवर अडकवून ठेवलं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं तिच्या पोटऱ्या चाचपल्या आणि मला सरळ झापलं. हाडावर भार पडला नाही तर ते आणखी विरळ होतं, स्नायू सुकतात, मग साधं अडखळणंही महागात पडतं. तिनं मोठ्या टबातल्या कोमट पाण्यात उभं करायला सांगितलं. मी दाराशी उभी राहून सूनबाईला सूचना देत असे. शेवटी तिनं आतून कडी लावून घेतली, ते बरं केलं.

माफी मागायला मला वर्ष लागलं, तीही भांडी विसळताना, तिच्याकडे पाठ करून. ती म्हणाली, “आई, हे डॉक्टरांसमोर बोलायला हवं होतं. फाइलमध्ये अजून तसंच लिहिलंय.” लिहिलं होतं खरंच: झोपेत आईकडून दाब पडल्याची शक्यता. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. आता उपचारात त्यानं फरक पडत नाही, असं ते म्हणाले. तरी मी ते खोडून नवं लिहायला लावलं, आणि सूनबाईनं त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला.

नणंदेचेही डोळे निळसर आहेत. तिच्या मुलीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी फोन करून हे सगळं सांगितलं. “आमच्या घराण्याला बट्टा लावायला निघालीस काय?” म्हणून तिनं फोन आपटला. मग मी भाचीला फोन केला. ती तपासणीला गेली, एवढं मुलाकडून कळलं. नणंद अजून माझ्याशी बोलत नाही.