खोलींतील उजेड

माणसाचा चेहरा साधला कीं चित्रांत भाव उतरला, असें आपण सहज म्हणतों. भरतमुनींनीं मात्र आंगिक अभिनयांत मुखाबरोबर हात, मान व पाय यांचाहि बारकाईनें विचार केला आहे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत दुष्यंत शकुंतलेचें चित्र काढतो. आकृति उतरली तरी त्याचें समाधान होत नाहीं. मालिनी नदी, हंस, हरणें अजून काढावयाचीं राहिलीं आहेत, असें तो म्हणतो. हा प्रसंग मीं मुलांना कितीदां तरी सांगितला असेल. परंतु निवृत्तीनंतर हातीं कुंचला आला, तेव्हां त्यांतील मर्म अधिक उमगलें. माणूस जेथें असतो, ती जागाहि त्याच्याविषयीं बोलत असते.

खोलींतील माणूस कसा काढावा हें पाहावयाचें असेल, तर सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें दिवा घेतलेल्या स्त्रीचें चित्र पाहावें. १९४५–४६ च्या सुमाराचें हें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. पुष्कळ लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात. पण रविवर्मा १९०६ सालींच निवर्तले होते. हळदणकरांची कन्याच या चित्रासाठीं उभी राहिली होती. ज्योतीवर धरलेल्या बोटांतून तांबूस प्रकाश झिरपतो, मुख उजळतें, आणि बाकीची खोली काळोखांत राहते. हें सारें जलरंगांत आहे, हें विशेष. जलरंगांत उजेड वरून लावतां येत नाहीं. कागद तेवढा कोरा राखावा लागतो. म्हणजे प्रकाश कोठें हवा, हें पहिल्या फटकाऱ्याआधींच ठरवावें लागतें.

आमच्या मढच्या घरांतील माजघराला पश्चिमेस एकच खिडकी आहे. तेथें सौ.ला बसविण्याचें मीं ठरविलें. तिला काचबिंदू आहे. या विकारांत औषधानें उरलेली दृष्टि सांभाळतां येते, गेलेली परत येत नाहीं. तिला नीट दिसत आहे तोंवर चित्र पुरें व्हावें, एवढीच माझी घाई. ती म्हणाली, “काढा हवें तर, पण मी नुसती बसायची नाहीं. तांदूळ तरी निवडून होतील.”

उन्हें कलतांना अर्धा तासच उजेड सारखा राहतो. म्हणून रोज त्याच वेळीं बसावयाचें. प्रथम डोळे अर्धवट मिटून पाहावें, म्हणजे नाकडोळे नाहींसे होऊन उजेड-अंधाराचे दोनतीन मोठे आकार उरतात. त्यांची मांडणी जमली तर पुढचें निभतें. समुद्राच्या दमट वाऱ्यामुळें येथें रंग लवकर वाळत नाहीं, आणि ओल्यावर दुसरा हात दिला कीं डाग पडतो. त्या वाट पाहण्यांत मात्र माणूस दिसूं लागतें. सौ. तांदूळ डोळ्यांनीं कमी आणि बोटांनीं अधिक निवडते, हें मला तेव्हां दिसलें. खडा लागला कीं तिची मान किंचित् कलते, जणूं ती कांहीं ऐकते आहे.

एके दिवशीं कागद खिडकीपाशीं नेऊन तिनें तो बराच वेळ पाहिला. चेहऱ्यावर मीं खिन्नतेची छटा दिली होती. ती हंसून म्हणाली, “अहो, मला बिचारी करूं नका हो. मी आपली तांदूळ निवडते आहे.”

नव्या कागदावर मीं चेहरा अर्धा सावलींत ठेवला आहे. कोरा कागद राखला आहे तो सुपाच्या कडेला आणि तिच्या बोटांच्या टोकांना. भिंतीचा काळा रंग अजून दोन हात मागतो. तो उद्यां वाळला, तर परवां तें तिच्या हातीं देतां येईल.