ताठ उभं राहायला दांडी लागते

गेल्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर पाठदुखीचा एक फॉरवर्ड फिरत होता. ताठ बसा, खांदे मागे घ्या, मोबाइल डोळ्यांसमोर धरा, अर्ध्या तासाने उठा. सल्ला चुकीचा नाही. मी दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, त्यातलं बरंचसं पाळतोही. पण वाचताना राहून राहून वाटत होतं, हे आपल्या नगरपरिषदेच्या झाडणाऱ्या बायकांना कोणी सांगायचं आणि कोणत्या तोंडाने? त्यांच्या हातातला खराटा जेमतेम अडीच फुटांचा. त्याने ताठ उभं राहून झाडून दाखवा बरं.

परवा सकाळी टेप घेऊन गेलो होतो. एसटी स्टँडपासून भाजी मंडईपर्यंत सहा जणी झाडत होत्या. पाच जणींच्या हातात बिनदांडीची हिराची जुडी. सहावीने स्वतःच बांबूची काठी जुडीत ठोकून वरून तार आणि सायकलची ट्यूब आवळली होती. ती एकटी सरळ उभी होती.

माणूस कमरेतून वाकतो तेव्हा डोकं, हात आणि धड मिळून शरीराचं साधारण निम्मं वजन पुढे लोंबकळतं. ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू मणक्याला अगदी चिकटून असतात, त्यामुळे त्यांना कितीतरी पट जास्त ताकद लावावी लागते. तो सगळा दाब दोन मणक्यांमधल्या चकतीवर येतो. स्वीडनच्या नाखेमसन या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात थेट चकतीत सुई घालून हा दाब मोजला होता. उभं असताना जेवढा, त्याच्या जवळपास दीडपट वाकल्यावर. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजणी झाली, त्यात तो दुपटीहून जास्त भरला. एकदा वाकून चप्पल उचलली म्हणून काही बिघडत नाही, पाठ त्यासाठीच असते. बिघडतं ते तासन्‌तास त्याच अवस्थेत राहिल्याने. त्यात झाडताना वाकलेलं असतानाच कंबर डावी-उजवीकडे वळत राहते. पाठीला याहून वाईट काय सांगायचं!

दांडीवाल्या ताईंना विचारलं, बाकीच्या का नाही लावत?

"आम्हाला खराटा मिळतो दादा, दांडी नाही मिळत. ही मी घरून आणली. पहिल्यांदा मुकादम म्हणाले, फिरायला आलीस का?"

हे वाक्य डोक्यातून जात नाही. प्रश्न बांबूच्या किमतीचा नाहीच. वाकलेला माणूस दिसला की काम चालू, सरळ उभा दिसला की कामचुकार, असा हिशोब आपल्या डोक्यात पक्का बसलाय.

आणि तो फक्त आपल्या मुकादमाच्या डोक्यात नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कोबी, सॅलडचा पाला, बीट यांच्या शेतांत मजुरांना फूट-दीड फूट दांडीचं कुदळं देत. मजूर बहुतेक मेक्सिकन. ते त्याला 'एल कोर्तितो' म्हणजे आखूडवालं म्हणत. दिवसभर ओणवं राहून विरळणी करायची. मालकांचं म्हणणं असं की लांब दांडीने काम नीट होत नाही, रोपं तुटतात. खरा फायदा वेगळाच होता: कोण वाकलंय आणि कोण पाठ सरळ करतंय हे मुकादमाला बांधावरून एका नजरेत कळायचं. पुढे शेतमजुरांचे मोठे नेते झालेले सेझर चावेझ यांनीही हे कुदळं चालवलं होतं आणि पाठीचं दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. मॉरिस जॉर्डन नावाच्या वकिलाने मजुरांच्या वतीने लढा दिला, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. सरकारी खात्याचा युक्तिवाद होता, की अवजार मोडकं असेल तर ते असुरक्षित, हे तर धडधाकट आहे! १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि त्याच वर्षी आखूड कुदळं बंद झालं. मजूर लांब दांडीने काम करू लागले आणि शेती काही बुडाली नाही.

जवळचं उदाहरण हवं तर केरळ. कापडाच्या दुकानांतल्या बायकांना गिऱ्हाईक नसलं तरी बसायची परवानगी नव्हती. विजी पेनकूट आणि त्यांच्या सहकारी बायका यासाठी काही वर्षं लढल्या, आणि २०१८ मध्ये दुकान कायद्यात दुरुस्ती होऊन बसण्याची सोय देणं मालकांवर बंधनकारक झालं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. गंमत बघा, कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून आसनं ठेवा, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्येच लिहिलेलं होतं. दुकानापर्यंत यायला सत्तर वर्षं लागली.

आता नगरपरिषदेला नावं ठेवून मोकळं होण्याआधी जरा आपल्या घरात बघू. मॉप आणलेला असतो. रविवारी आपण पुसतो तेव्हा तो बाहेर निघतो. मावशी आल्या की त्यांच्या हातात फडकं, कारण 'मॉपने कोपरे निघत नाहीत.' आपल्या वेळी मात्र निघतात! ओट्याचंही तसंच. बिल्डर सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच उंचीचा ओटा घालतो, मग त्यावर पोळ्या लाटणारी पाच फुटांची असो की साडेपाच. कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा हवा, म्हणजे खांदे वर ओढावे लागत नाहीत आणि पाठही वाकत नाही. आयता ओटा उंच असेल तर पायाखाली पाट घ्या, ठेंगणा असेल तर पोळपाटाखाली जाड फळी. खुर्चीलाही हाच न्याय: पाय टेकत नसतील तर पायाखाली काहीतरी ठेवा, मग ताठ बसण्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नाही. एक आदर्श बैठक शोधून तीत दिवसभर ताठरून बसण्यातही अर्थ नाही. शरीराला बदल लागतो.

खराट्याकडे परत येतो. दांडी जमिनीवर उभी केली की वरचं टोक खांदा आणि हनुवटीच्या दरम्यान यावं. वरचा हात छातीशी, खालचा कमरेच्या आसपास. कंबर पिळण्याऐवजी पावलं टाकत पुढे सरकायचं, आणि मधूनमधून हात बदलायचे. गटाराच्या कडेला चिकटलेला गाळ लांब दांडीने नीट निघत नाही, तिथे जोर लागतो, हे ताईंनीच सांगितलं. म्हणजे आखूड खराटाही लागतोच, पण तेवढ्या जागेपुरता. आणि सुपडी? तिलाही उभी मूठ हवी, नाहीतर झाडताना वाचवलेली पाठ कचरा भरताना जाते.

सफाईचं काम ठेकेदाराकडे असलं तरी काय साहित्य द्यायचं ते निविदेत लिहिता येतं. यावर्षी त्यात 'खराटा, नग' एवढंच आहे. लांबीचा उल्लेख नाही, दांडीचा नाही.

मुख्याधिकाऱ्यांसाठी निवेदन लिहून ठेवलंय, मागण्या तीनच. निविदेत दांडीसह खराटा आणि उभ्या मुठीची सुपडी लिहावी. दांडी दोन मापांत असावी, कारण आपल्या सफाई कामगार काही एका उंचीच्या नाहीत. आणि खरेदीआधी आठ दिवस त्यांच्यातल्याच चार-पाच जणींना वापरायला देऊन, त्या काय म्हणतात ते लेखी घ्यावं. सोमवारी अकरा वाजता नगरपरिषदेत द्यायला जाणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी त्याआधी दहा मिनिटं दारात भेटा. दांडीवाल्या ताई हजेरी संपली की येते म्हणाल्यात, खराटा घेऊनच.