भाईंदर : स्टेशनच्या पलीकडे

‘कुठे राहतोस?’ ‘भाईंदर.’ ‘बाप रे, एवढ्या लांब?’ ऑफिसात हा डायलॉग किती वेळा झालाय, आठवून बघा. पण मंडळी, गर्दीची लोकल आणि टॉवर्स एवढंच भाईंदर नाहीये. ठाण्याजवळ उल्हास नदीला दोन फाटे फुटतात. त्यातला एक, म्हणजेच वसईची खाडी, या शहराला बिलगून अरबी समुद्राला मिळतो. मीरा-भाईंदरची सगळी गोष्ट या पाण्याचीच आहे!

सुरुवात घोडबंदरपासून करा. इथे घोड्यांचा व्यापार चालायचा, त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. वरून खाडीचं वळण बघितलं की पहारा इथेच का, ते लगेच कळतं. दुसरं टोक म्हणजे चौकचा धारावी किल्ला. (ती धारावी नव्हे हं!) खाडीच्या मुखावरची ही जागा, समोरच वसई. वसई घ्यायची तर हे नाकं हातात हवंच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेत धारावीची लढाई म्हणूनच मोलाची ठरली.

पोटापाण्याचं काय? आधी मीठ आणि मासळी. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं, उन्हात आटवायचं, पावसाआधी मीठ उचलायचं. नंतर भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आले. आपल्या डब्यावर भाईंदरचा हात फिरलेला असू शकतो, बॉस! मग आले बिल्डर. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ ला लोकसंख्या होती ५ लाख २० हजार. २०११ ला ८ लाख ९ हजार. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाखांची भर!

याची किंमत कोण मोजतंय, ते उत्तनला कळतं. कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत असतात, किनाऱ्यावर रंगीत होड्या, मागे चर्चची घंटा. आणि वर धावगीचा डोंगर, जिथे अख्ख्या शहराचा कचरा जातो. गावकरी वर्षानुवर्षं ओरडतायत. आपण फ्लॅट घेतो तेव्हा ‘खाडी व्ह्यू’चे पैसे मोजतो; पण आपली कचऱ्याची पिशवी कुठे जाते, ते विचारत नाही. उत्तनला जाऊन सेल्फी जरूर काढा, पण प्लास्टिक परत आणा. आणि सुके बोंबील कोळणीकडूनच घ्या, फार घासाघीस न करता!

कसं जाल? : भाईंदर पश्चिमेहून उत्तन-चौकला महापालिकेची बस आहे. घोडबंदर किल्ल्यासाठी काशीमिऱ्याहून घोडबंदर रोड पकडा. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झालीये, बाईकसकट जाता येतं. वेळा मात्र आधी विचारून घ्या. थंडीतला रविवार बेस्ट!