उन्हाळ्याचा स्वतःचा पाऊस

वैशाखाच्या अखेरीस मराठवाड्याचे माळ करडे पडलेले असतात. नांगरून टाकलेल्या रानातली ढेकळे तापून टणक झालेली, विहिरींचे तळ उघडे, आणि भर दुपारी वारा असा पडलेला की कडुलिंबाचे पानही हलत नाही. चारच्या सुमारास एका अंगाने ढग चढू लागतो, तळाशी काळाकुट्ट आणि माथ्याशी उन्हात झळाळणारा. मग धुळीचा लोट येतो, त्यामागून गार वारा, विजांचा कडकडाट, टपोरे थेंब. तासाभरात सारे ओसरते आणि भिजल्या मातीवर पुन्हा ऊन पडते. या पावसाकडे आपण बहुधा पुढच्या पावसाची नांदी म्हणून पाहतो. आता पावसाळा दूर नाही, असे म्हणून त्याचे स्वागत करतो. मला हे पाहणेच मुळात चुकीचे वाटते. वळीव हा पावसाळ्याचा पहिला हप्ता नव्हे, तो उन्हाळ्याचा स्वतःचा पाऊस आहे. उन्हातून तो जन्मतो आणि उन्हाच्याच जोरावर वाढतो. त्याचे देणे वेगळे आणि धोकेही वेगळे. हे वेगळेपण ओळखले नाही, तर त्याचे देणे आपल्या हातून निसटते आणि नुकसान तेवढे पदरात पडते.

त्याचा जन्म कसा होतो ते पाहिले की ही गोष्ट स्पष्ट होते. मे महिन्यात पठारावरचा पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाऊ पाहते. त्याच वेळी खालच्या थरात समुद्राकडून दमट वारे आत शिरतात, वर मात्र वायव्येकडून आलेली कोरडी हवा असते. विदर्भापासून दक्षिणेकडे उतरणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यात या दोन्ही हवांची गाठ पडते आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या पोटात हिमकण आणि गारांचे कण एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात. पडता पडता आटणाऱ्या थेंबांनी गार झालेली जड हवा खाली कोसळून चहूकडे पसरते. म्हणूनच पावसाआधी वारा आणि वाऱ्यासोबत धूळ येते. असा एक ढग साधारण तासाभर जगतो आणि त्याची रुंदी काही किलोमीटरच असते. नदीच्या या काठचे गाव भिजते, त्या काठचे कोरडे राहते. मोसमी पावसाची घडणच निराळी. तो महासागरावरून महिनोन्महिने वाहणाऱ्या प्रवाहाचा पाऊस आहे. केरळात तो आला असे जाहीर करण्यापूर्वी हवामान विभाग ठरवून दिलेल्या 14 केंद्रांपैकी किमान 60 टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस 2.5 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला का, हे पाहतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. पश्चिमेचे वारे किती उंचीपर्यंत स्थिरावले, ढगांचे आच्छादन किती दाट आहे, हेही तपासतो. म्हणजे तिथे मोजले जाते ते वाऱ्याचे सातत्य, एखादी जोरदार सर नव्हे.

यावर कुणी म्हणेल, पाणी ते पाणीच. मातीला त्याचे कूळ काय करायचे? पण मातीच हा फरक सर्वांत आधी दाखवते. वळवाने ढेकळे फुटतात आणि वखराच्या पाळीला रान तयार होते. तणांचे बी उगवून येते, ते पेरणीआधीच वखरून काढता येते. ऊस आणि भुईमुगाच्या मुळांवर उठणाऱ्या हुमणीचे भुंगेरे याच ओलीने जमिनीतून बाहेर पडतात आणि संध्याकाळी बाभळी-कडुलिंबांवर जमतात. त्या काही रात्री गावाने मिळून फांद्या हलवून भुंगेरे वेचले, तर पुढची अंडीच टळतात. पहिल्या सरीच्या ज्या वासासाठी आपण दारात येऊन उभे राहतो, तोही उन्हाळ्याचाच: कोरड्या मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेले जिओस्मिन थेंबांच्या आघाताने हवेत उधळते. आणि हा पाऊस मोडतो ते काय? काढून शेतात पडलेला कांदा, हिंगोली-वसमतकडे शिजवून वाळत घातलेली हळद, झाडावरचा केशर आंबा, गंजीला न लागलेला कडबा. त्याचा सारा व्यवहार सरत्या हंगामाशी आणि जमिनीच्या मशागतीशी आहे. नव्या पिकाची हमी त्यात कुठेही नाही.

पेरणीच्या वेळी मात्र नेमका याचाच विसर पडतो. धूळपेरणीची परंपरा आहेच ना, असे कुणी विचारील. आहे, पण धूळपेरणीत बी कोरड्या मातीत निजून राहते आणि भरपूर पावसाची वाट पाहते. वळवाच्या वरवरच्या ओलीवर टाकलेले बी फुगते, कोंब काढते आणि नंतरच्या उघडिपीत करपून जाते. अर्धी ओल कोरड्या रानापेक्षा घातक ठरते, ती अशी. 2025 साली हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मे महिनाभर राज्यात वळवाचा जोर राहिला, 24 मे रोजी मोसमी पाऊस केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईसाठी इतके लवकर आगमन आजवरच्या नोंदींत नव्हते. पुढे मात्र वाऱ्यांची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत अडखळली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. वाफशावर पेरलेले बी तगते आणि घाईने पेरलेले दुबार पेरणीच्या कर्जात जाते, हा अनुभव त्या सल्ल्यामागे आहे.

विजेबाबतचा गैरसमज याहून महाग पडतो. वीज म्हणजे दैव, तिच्यापुढे माणसाचे काय चालणार, असे अजूनही बोलले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 2,887 माणसे वीज पडून दगावली. यात दैवाचा भाग थोडा आहे. वळीव दबक्या पावलांनी येत नाही. तो ढग दाखवतो, धूळ पाठवतो, गडगडतो. गडगडाट ऐकू आला याचा अर्थच आपण विजेच्या टप्प्यात आहोत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना मोबाईलवर देते. तरीही शेळ्या घेऊन माणसे झाडाखाली उभी राहतात, कारण पावसात आडोसा शोधायचा ही पावसाळ्याची सवय. वळवात तोच आडोसा जिवावर बेततो. शहरेही याला अपवाद नाहीत. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला अवाढव्य जाहिरात फलक कोसळून 17 जणांचा जीव गेला, तो अशाच उन्हाळी वादळाच्या वाऱ्यात. फलक पावसाने पडला नाही, पावसाच्या पुढे धावणाऱ्या वाऱ्याने पडला. आणि तो वारा सोसेल असे बांधणे माणसाच्या हातात होते.

आता ऋतूंच्या सीमाच पुसट होत आहेत, मग हा भेद कशासाठी, हा शेवटचा आक्षेप. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते; म्हणजे वादळांना इंधन वाढते, हे खरे. एखाद्या वादळाचे खापर थेट तापमानवाढीवर फोडणे घाईचे असले, तरी तारखांवर विसंबण्याचे दिवस सरले, हे मान्य करावे लागेल. पण म्हणूनच हा भेद अधिक गरजेचा आहे. 25 मेला रोहिणी लागली, 7 जूनला मृग लागला, यावरून पाऊस ओळखता येत नसेल, तर तो वाऱ्यावरून, ढगाच्या घडणीवरून आणि मातीत मुरलेल्या ओलीवरून ओळखायला हवा. तारखा पुढेमागे सरकतील, ढग तयार होण्याची रीत बदलणार नाही. तेव्हा वळवावर मनापासून प्रेम करा, पण त्याला त्याच्याच नावाने ओळखा. पहिल्या गडगडाटाला पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. मग रानात जाऊन ओल किती खोल गेली ते उकरून पाहा, वखराची पाळी द्या, भुंगेरे वेचा. आणि मोसमी पाऊस स्थिरावून वाफसा येईपर्यंत बियाण्याची पिशवी उघडू नका.